आबांच्या हाताखालून

आबांनी चाकू उचलला, अंगठ्याचं नख पात्यावरच्या खाचेत घातलं आणि पातं बाहेर ओढलं. पूर्ण उघडल्यावर उजेडाकडे धरून पाहिलं, मिटलं आणि चाकू उजवीकडच्या खोक्यात ठेवून दिला. मग दुसरा, मग तिसरा. एका चाकूला आठ-नऊ सेकंद. उजवं खोकं म्हणजे पास, डावं म्हणजे परत. खिडकीखालच्या त्या टेबलाशी बेचाळीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि आबांच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही चाकू कारखान्याचं फाटक ओलांडत नसे. डाव्या खोक्यात त्या सकाळी काहीच नव्हतं. खरं म्हणजे कित्येक महिन्यांत काही नव्हतं, पण त्याचा सगळ्यांना अभिमानच वाटत होता.

समोर त्यांची लेक उभी होती, हातात पत्र घेऊन. कारखान्याचा कारभार आता तीच बघत होती. आबांकडे फक्त हे टेबल उरलं होतं, आणि त्याला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता.

"वाचू का?" तिने विचारलं.

"वाच. माझं काम चालूच राहील."

पत्र एका वायरमनचं होतं. शिडीवर उभं राहून केबलचं आवरण सोलताना चाकू अचानक मिटला होता आणि तर्जनीची शीर तुटली होती. बोट आता वाकत नाही, असं त्याने सरळ अक्षरात लिहिलं होतं. भरपाई वगैरे काही नको होती त्याला. वडीलही हाच चाकू वापरायचे म्हणून मुद्दाम घेतला होता, तेव्हा कळवावंसं वाटलं, एवढंच. हे शेवटचं वाक्य वाचताना लेकीचा आवाज बारीक झाला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं तिला.

ह्या वर्षातलं हे चौदावं पत्र. गेल्या वर्षी सहा आली होती आणि त्याआधीच्या वर्षी दोन.

आबा म्हणाले, पातं उलट्या बाजूने दाबलं असेल गड्याने. चाकू कापायला असतो, खुपसायला आणि उचकटायला नाही. हेच ते चौदाही पत्रांवर म्हणाले होते.

हा वाद आता दोन वर्षांचा झाला होता. आबांच्या चाकूत पातं धरून ठेवणारी एकच गोष्ट होती, मुठीच्या पाठीतली स्प्रिंग. तिच्या जोरावर पातं उघडं राहायचं आणि तिच्याच जोरावर मिटलेलं. लेकीचं म्हणणं, जमाना बदलला, आता सगळे चाकू खटक्याचे येतात. पातं उघडलं की खटका बसतो आणि तो दाबल्याशिवाय ते मिटत नाही. तिने एका डिझायनरकडून नवं ड्रॉइंग करून घेतलं होतं आणि ते वर्षभर तिच्या टेबलाच्या खणात धूळ खात पडलं होतं. आबांनी ते एकदाच पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. बेचाळीस वर्षांत ह्या चाकूत केसाइतका फरक झालेला नाही, आणि माझ्या डोळ्यांदेखत होणार नाही, असं सांगून ते जेवायला निघून गेले. त्यांचं स्वतःचं ड्रॉइंग आत येण्याच्या दारावर काचेखाली लावलेलं होतं, शाईने काढलेलं, प्रत्येक माप लिहिलेलं. येता-जाता सगळ्यांची नजर त्यावर पडे, आणि म्हणूनच की काय, ते वाचत कुणीच नसे.

चाकू आणि लेक एकाच वर्षातले. चाकू दोन महिन्यांनी मोठा. आई होती तेव्हा चेष्टा करायची, की तुझ्या बापाला दोन मुलं आहेत आणि थोरल्याचंच कौतुक जास्त आहे. लेक हसायची तेव्हा, पण बेचाळिसाव्या वर्षीही ती गोष्ट तिला कुठेतरी टोचायचीच.

"आज चार वाजता ट्रक येतोय," ती म्हणाली. "गिर्यारोहण शाळेची सहाशेची ऑर्डर. आबा, पंधरा-पंधरा वर्षांची मुलं आहेत ती. दोर कापायला देणार त्यांना हा चाकू, कड्यावर."

"मग चांगलाच चाकू मिळतोय त्यांना," आबा म्हणाले आणि पुढचा चाकू उजव्या खोक्यात ठेवला.

ती परत फिरली तेव्हा तिच्या खोलीत एक बाई बसलेली होती. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, डाव्या हाताला कोपरापासून बोटांपर्यंत पट्टी. रोपवाटिका होती तिची, गावाबाहेर. भांडायला आलेले नाही हो, एक खुर्ची द्या म्हणजे झालं, असं शिपायाला सांगून ती आत येऊन बसली होती. तिची हकिकत साधी होती. तीस वर्षं ती झाडांची कलमं करत आली आणि तीसही वर्षं ह्याच चाकूने. धार लावून लावून पातं गवताच्या पातीएवढं राहिलं, तेव्हा गेल्या महिन्यात तिने नवा घेतला. तोच चाकू, तीच मूठ, तोच शिक्का. तिसऱ्या दिवशी तो तिच्या हाताला चावला. चावला, हाच शब्द तिने वापरला, आणि पाळलेल्या कुत्र्याबद्दल बोलावं तशी बोलली, जरा दुखावल्यासारखी.

लेकीला वाईट वाटलं, आणि लाजेची गोष्ट म्हणजे आतून थोडं बरंही वाटलं. आता आबांसमोर ही बाई, पट्टीसकट, उभी करता येणार होती. तिने खणातून खटक्याचं ड्रॉइंग काढलं, झटकलं आणि बाईंपुढे पसरून समजावून सांगायला लागली. पुढच्या वर्षी हा येईल बघा, मग असं कधी होणार नाही.

बाईंनी कागद वाचलाच नाही. तो एका बोटाने बाजूला सारून त्यांनी पिशवीतून दोन चाकू काढले आणि शेजारीशेजारी ठेवले, जुना आणि नवा.

"खटका कशाला?" त्या म्हणाल्या. "माझा पहिलाच चांगला होता. मला तो परत द्या."

"पण हा तोच आहे, बाई. काहीच बदललेलं नाही."

"उघडून बघा."

लेकीने आधी नवा उघडला. तसे चाकू ती रोजच उघडत असे. मग जुन्याच्या खाचेत नख घातलं आणि ओढलं, तर पातं हललं नाही. तिने बोट सावरून जोर लावला. नखाच्या मुळाशी कळ गेली आणि मग पातं एकदम वर आलं, आपल्या जागी जाऊन बसलं, आणि बसलं ते बसलं. तिने टेबलावर टेकवून पाठीमागून दाबलं, मग तळव्याने दाबलं. ढिम्म. नव्याच्या पात्याच्या पाठीवर तिने नुसता अंगठा ठेवला तर ते वाकून मुठीकडे यायला लागलं.

लेकीने बाईंना चहा सांगितला, दोन्ही चाकू मागून घेतले आणि मापाच्या कॅलिपरसाठी सगळे खण उपसले. तो सापडला तेव्हा त्याच्यावर बोटभर धूळ होती. जुन्याची स्प्रिंग पाठीकडून मोजली तर अडीच मिलिमीटर. नव्याची दोनलाही थोडी कमी. ती उठून दारावरच्या काचेपाशी गेली. शाईत, आबांच्या वळणदार अक्षरात, अडीच लिहिलेलं होतं.

स्प्रिंगांचं काम काकांकडे होतं. काका म्हणजे नात्याने कुणी नव्हे, पण कारखान्यातला पहिला कामगार, आणि लेकीला ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून ओळखणारा माणूस. शेडच्या टोकाला त्यांचं घासायचं मशीन. तिने दोन्ही चाकू त्यांच्यासमोर धरले. काकांनी मशीन बंद केलं, हात पुसले, पुन्हा एकदा पुसले.

"बस, ताई," ते म्हणाले.

ती बसली नाही. मग तेच स्टुलावर बसले.

सात वर्षं झाली असतील, काकांनी सांगितलं. एक दिवस आबांकडून डावं खोकं भरून परत आलं. कडक आहेत म्हणाले. काकांना वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, तापवून विझवताना पाणी जास्त बसलं असेल स्प्रिंगांना. पुन्हा केले, पुन्हा परत आले. तिसऱ्या वेळी ते स्वतःच खोकं घेऊन गेले आणि टेबलापाशी उभे राहिले. तेव्हा त्यांना दिसलं. स्प्रिंगला काही झालेलं नव्हतं. नख खाचेत घातलं की आबांचं तोंड वेडंवाकडं व्हायचं, आणि कुणी बघतंय का म्हणून ते खिडकीकडे मान फिरवायचे.

"मग?"

"मग काय. मशीनचं माप थोडं आत घेतलं. केसभर. सगळे पास झाले." काका चाकूंकडे बघत होते, तिच्याकडे नाही. "पुढच्या हिवाळ्यात पुन्हा परत यायला लागले. पुन्हा केसभर."

"दर वर्षी?"

"दर हिवाळ्यात. थंडीत त्यांची बोटं जास्त आखडतात."

तिला संतापून ओरडायचं होतं आणि तिने तोंड उघडलंही होतं. पण तिला सकाळचा नाश्ता आठवला. मधाची बरणी टेबलावर ठेवण्याआधी ती रोज ओट्याशी पाठ करून झाकण सैल करायची आणि मग नुसतं टेकवून आबांपुढे ठेवायची. आबा ते फिरवून काढायचे आणि तिला म्हणायचे, हल्ली बरण्या चांगल्या येतात. ती कधी ब्र काढत नसे. किती वर्षं करत होती ती हे, तिलाच सांगता येईना. काकांनी तिच्याहून वेगळं काय केलं होतं? फरक एवढाच, की मधाची बरणी घराबाहेर जात नव्हती.

तिने मनातल्या मनात हिशेब मांडला. दिवसाला साठ-सत्तर चाकू, सात वर्षं. आकडा पूर्ण होण्याआधीच तिने तो सोडून दिला. आबा आणि ती दोन वर्षं भांडत होते की चाकू बदलायचा का नाही, आणि चाकू दर हिवाळ्यात बदलत होता, आबांच्या नखाच्या मागोमाग.

"त्यांना सांगायला हवं," ती म्हणाली. "चारच्या आत."

"मी नाही सांगणार, ताई." काका म्हणाले. "मला काढून टाक हवं तर. पण त्या माणसाला मी जाऊन सांगू, की तुमच्या हाताचं आता माप उरलं नाही?"

तिलाही ते सांगायचं नव्हतं. देवाशपथ नव्हतं सांगायचं. शेवटी तिने काकांना एकच काम सांगितलं. एक चाकू करा, दारावरच्या ड्रॉइंगप्रमाणे, अडीचचा. काकांनी तो दीड तासात केला. इतक्या वर्षांनी ते माप हाताला लागल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर आनंद दिसला आणि लगेच ते ओशाळले.

साडेतीनला सहाशेतले शेवटचे वीस-पंचवीस आबांच्या पुढ्यात होते. पास झालेल्यांच्या पेट्या भिंतीशी एकावर एक रचलेल्या होत्या. लेकीने काकांनी केलेला तो चाकू बाकीच्यांमध्ये सरकवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. आपण बापाला जाळ्यात पकडतोय, असं तिला वाटलं आणि स्वतःचीच किळस आली. पण ती जागची हलली नाही.

आबांनी तो उचलला. नख खाचेत घातलं, ओढलं. त्यांनी हात बदलला, डाव्या अंगठ्याने ओढून पाहिलं. नखाखालची त्वचा पांढरी पडली. ते खिडकीकडे मान वळवणार होते, पण खिडकीत ती उभी होती.

आता हा डाव्या खोक्यात जाणार, तिला वाटलं. तिने वाक्यही तयार ठेवलं होतं. पण आबांनी तो कुठेच ठेवला नाही. तळहातावर घेऊन वजन करावं तसा धरला.

"काकाने केला?"

"हो. ड्रॉइंगप्रमाणे."

"उघड तू," ते म्हणाले आणि चाकू तिच्याकडे केला. "मला ऐकू दे."

तिने जोर लावून उघडला. पातं जागेवर बसताना टक्क झालं, स्वच्छ, कोरडं, आणि शेडमधल्या मशीनांच्या घरघरीतही ते वेगळं ऐकू आलं. आबांनी डोळे मिटले होते.

"हा माझा चाकू," ते म्हणाले. "किती वर्षांनी ऐकतोय."

तिला अर्थ कळायला क्षण गेला.

"तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्याच हिवाळ्यात कळलं. आवाज मऊ झाला होता."

"मग पास का केलेत, आबा?"

आबांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. ह्याच माणसाने एकदा एका रिवेटचं डोकं हाताला लागतं म्हणून चारशे चाकू भट्टीत घालायला लावले होते, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती आणि शाळेत मैत्रिणींना सांगत आली होती.

"उघडत होते ना," ते म्हणाले.

"चौदा पत्रं आली ह्या वर्षात. मागची धरून बावीस."

"बावीस तुझ्याकडची." आबांचा आवाज अगदी साधा होता. "माझ्या नावाने घरी येतात ती वेगळी."

किती, कुठे ठेवलीत, कुणाचं काय गेलं, सगळं तिला विचारायचं होतं. तेवढ्यात फाटकाशी ट्रकचा हॉर्न वाजला. थोड्या वेळाने ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला आणि पेट्या ह्याच का म्हणून विचारू लागला. तिने मान न वळवता त्याला सांगितलं, माल नाही, रिकामा जा. तो आबांकडे बघत राहिला. एवढी वर्षं माल द्यायचा की नाही हे आबाच सांगत आले होते. आबा काही बोलले नाहीत, तेव्हा तो गेला.

मग तिने टेबलाच्या ह्या बाजूला खुर्ची ओढली आणि भिंतीशी रचलेल्यांतली सगळ्यात वरची पेटी उतरवून पुढ्यात घेतली. पहिला चाकू काढून उघडला.

"सैल," आबा म्हणाले. त्यांनी पुन्हा डोळे मिटले होते.

तिने पात्याच्या पाठीवर अंगठा ठेवला. पातं वाकलं. चाकू डाव्या खोक्यात पडला. तिने दुसरा उघडला.

"सैल."

दुसराही वाकला. तिसरा, चौथा, दहावा. डावं खोकं भरलं तसं तिने पायाने एक रिकामी पेटी ओढून घेतली. शेडमधली मशीनं एकेक करून बंद होत गेली आणि लोक दाराशी येऊन उभे राहिले, काका सगळ्यांच्या मागे. आबा प्रत्येक चाकूला एकच शब्द म्हणत होते, चढ-उतार नसलेल्या आवाजात, आणि ती प्रत्येक चाकू अंगठ्याने तपासून बघत होती, कारण अजून तिला आशा होती की म्हातारा कुठेतरी चुकेल. चुकला तर त्याला खरंच ऐकू येत नाही, म्हणजे माहीतही नव्हतं, असं तरी म्हणता येईल.

दुसऱ्या पेटीच्या मध्यावर तिने एक उघडला आणि आबा थांबले.

"हा राहू दे," ते म्हणाले. "हा चुकून बरा झालाय. माझ्याने उघडला नव्हता, तसाच पास केला."

तिने अंगठा ठेवला, जोर लावला, उठून उभी राहून दोन्ही हातांनी जोर लावला. पातं जागचं हललं नाही.

तिने तो एकटा उजव्या खोक्यात ठेवला. पुढचा चाकू उचलायला तिला बराच वेळ लागला. आबा डोळे मिटून वाट पाहत होते.